मेळाव्यातलं लगीन

मला आवाज काढता येतात. बाकीचे लोक माणसाला नावं ठेवतात, मी त्याचा आवाज काढतो. मुरबाडच्या कॉलेजात मी तीन वर्षं याच्यावरच काढली. एकदा एसटी स्टँडवर खांबामागं उभं राहून कंट्रोलरच्या आवाजात कल्याणची गाडी रद्द केली. निम्मी माणसं जीपकडे पळाली. त्यात एक बाळंतीण होती, तान्हं पोर घेऊन. तीपण पळाली. जीपवाला माझ्यावर एवढा खूश, की मला टोकावड्यापर्यंत फुकट सोडलं. वाटभर आमी दोघं हसून हसून मेलो.

हे आधीच सांगतो. म्हणजे पुढचं वाचताना मी कोण गरीब बिचारा होतो, असं तुमाला वाटायला नको.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या बाजूला तेव्हा युरोपातल्या तीन देशांच्या संस्था मिळून कामं करत होत्या. जर्मनीवाल्यांनी ओढ्यांवर बंधारे घातले, हॉलंडवाल्यांनी झाडांची रोपवाटिका काढली, इटलीवाल्यांनी बायांना शिवणाच्या मशिनी दिल्या. प्रत्येक कामावर निळी पाटी आणि पाटीवर पिवळ्या ताऱ्यांचा गोल. त्यामुळं लोकांनी तिन्ही देशांना मिळून एकच नाव दिलं, तारेवाले. "तारेवाले आलेत" म्हटलं की पोरं रस्त्यावर आणि बाया चुलीपाशी. कोण कुठल्या देशाचा, याची कोणाला पडलेली नव्हती. सगळे गोरे, सगळे घामाघूम, सगळ्यांना वालाच्या तिखट बिरड्यानं रडू यायचं.

त्यांना तरी आमी कुठं वेगळे दिसत होतो? आमी सपाटीवरचे, भाताच्या शेतीवाले. आमाला गाव म्हणायचं. वर डोंगराला लागून नाचणी-वरी करणारे राहायचे, त्यांची ती वाडी. वाडीवाले आमच्याकडं लावणीला यायचे, कापणीला यायचे, लग्नात मांडवाची लाकडं आणून द्यायचे आणि शेवटच्या पंगतीला जेवायचे. याच्यात कोणाला काही वाईट वाटत नव्हतं. म्हणजे आमाला वाटत नव्हतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

म्हशाची जत्रा उठली की टोकावड्याच्या अलीकडच्या माळावर तारेवाल्यांचा मेळावा भरायचा. तीन दिवस. गावं यायची, वाड्या यायच्या, पाहुणे यायचे. आपण केलेलं काम एकमेकांना दाखवायचं, आपापला नाच, आपापलं जेवण, आपापली गाणी. जर्मनीवाला बंधाऱ्यांचा इंजिनेर गळ्यात पेटी अडकवून वाजवायचा, इटलीवाल्या बाया मोठ्या टोपात दोऱ्यासारखं काहीतरी शिजवायच्या. आमच्या म्हाताऱ्यांनी ते दोरे भाकरीत गुंडाळून खाल्ले, वर म्हणाले, "कच्चं हाय, पण पोट भरतं." आणि मी माइकवर. तिन्ही भाषांमधलं एक अक्षर मला येत नव्हतं, पण आवाज येत होते. हॉलंडवाल्या बाईंचं भाषण झालं की मी तेच भाषण परत करायचो, नुसता खरखराट. बाई स्वतः खुर्चीतून पडायच्या बेतात.

आधीच्या वर्षी मेळाव्यात एक भानगड झाली होती. जेवताना गावाची पंगत इकडं, वाडीची तिकडं. हॉलंडवाल्या बाईंनी सगळं काम बघणाऱ्या ताईंना विचारलं, हे असं का? ताई पुण्याच्या. त्यांचा चेहरा पडला. म्हणून या वर्षी त्यांनी कापडी फलकच लावला, 'गाव आणि वाडी एकत्र'. आणि एकत्र काय करायचं, याचा शोध सुरू झाला.

शोधता शोधता त्या धवलेरी आजीपाशी पोचल्या.

धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. आमच्याकडं भटजी आले, पण वाड्यांमध्ये तेव्हाही लग्न धवलेरीच लावायची. ती धवले म्हणते, लांबलचक गाणी, त्यात सगळ्या देवांना नावानं मांडवात बोलावते, आणि गाणं पुरं झालं की लग्न लागलं. आमच्या भागात ही एकच आजी उरली होती. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, माणूस आवाजावरून ओळखायची. इटलीहून एक जण टेपरेकॉर्डर घेऊन खास तिचं गाणं भरून न्यायला आला होता.

ताई तिच्या ओट्यावर बसल्या. मी बरोबर होतो, वाट दाखवायला.

"आजी, पाहुण्यांना तुमची गाणी ऐकायची आहेत."

"कोणाचं लगीन हाय?"

"लग्न नाही. नुसती गाणी."

"मांडव नाय, नवरा नाय, नवरी नाय, आन धवला गाऊ? देवांना हाका मारून आणायचं आन सांगायचं, कायच नाय रे बाबांनो, जा घरी? त्यांना काय कामं नाय?"

ताई हसल्या. त्यांना तिथंच ती आयडिया सुचली. "मांडव घालू आपण, आजी. नवरा गावातला घेऊ, नवरी वाडीतली. सगळ्यांसमोर."

आजीनं बराच वेळ तोंड हलवलं. "गावातला? त्याच्या घरचे तयार हायेत?"

"सगळे तयार आहेत."

"मंग मी येते."

दोघी खूश. ताईंच्या मते नाटक ठरलं होतं, आजीच्या मते लगीन. मी मधे बसलेलो, मला दोन्ही कळलं होतं. मी बोललो नाय. म्हटलं, मजा येईल.

नवरा कोण, तर मीच. घरी कोणाला काय वाटायचं कारण नव्हतं, आमच्या घरी माझं बैल, बेडूक, तलाठी सगळं होऊन झालं होतं. नवरी म्हणून ताईंनी रोपवाटिकेतली पोरगी घेतली. रोपवाटिकेत आमी दोघं बरोबर कामाला होतो, ती पिशव्यांत माती भरायची, मी ती हसेल असं काहीतरी करायचो. तिचं ठरलेलं होतं. शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढं. दिवाळीनंतर साखरपुडा झालेला, वैशाखात लग्न. मुलगा आसनगावच्या बाजूला कंपनीत. "हप्त्याला सुट्टी असते त्यांना," ती सांगायची, जसं काय सुट्टी तिलाच असणार होती. तिच्या बापानं तीन वर्षं वाड्यावाड्या फिरून हे स्थळ आणलं होतं. आई नव्हती तिला.

बाप साधा माणूस. दम्याचा. बोलताना वाक्याच्या मधेच त्याचा श्वास संपायचा, मग तो तोंड उघडं ठेवून थांबायचा, मग उरलेलं वाक्य यायचं. हा आवाज मी अख्ख्या रोपवाटिकेला पाठ करून दिला होता. तिला सगळ्यात जास्त आवडायचा.

"बापाचा काढ ना."

"कशाला, घरी जाऊन फुकट ऐक की."

"तुझाच मस्त हाय. काढ ना रे!"

मी काढायचो. ती मातीच्या ढिगावर लोळायची.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, माळावर जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव उभा राहिला. वाडीतल्या बायांनी तांदळाच्या पिठाचा चौक काढला. मला मुंडावळ्या, तिला शिवणवर्गानं शिवलेली पिवळी चोळी आणि नवं लुगडं. तारेवाले पुढं चटईवर मांड्या मोडून बसलेले, इटलीवाल्यानं टेपरेकॉर्डर आजीच्या तोंडाशी धरलेला. गाव आणि वाडी पहिल्यांदाच एकमेकांना चिकटून उभे होते, कारण सावली तेवढीच होती.

कार्यक्रमपत्रिकेत वेळ वीस मिनिटं. तासाभरानं आजी अजून डोंगरावरचेच देव बोलवत होती, सपाटीवर उतरलीच नव्हती. ताईंनी कानाशी जाऊन सांगितलं, "आजी, थोडक्यात घ्या ना."

"अर्धा धवला सोडला तर नवरा मरतो," आजी म्हणाली.

"घ्या गो आजी, पुरा घ्या!" मी मुंडावळ्यांतून ओरडलो. सगळा माळ हसला. जर्मनीवाल्याचं पेटीवादन रद्द झालं.

शेवटाला आलं. अंतरपाट धरला. आजी थांबली आणि बोलली, "पोरीच्या बापाचा शब्द येऊ द्या."

धवल्यातला हा नियम. बापानं सगळ्यांसमोर 'दिली' म्हणायचं, मगच शेवटचं कडवं. ताईंना नियम ठाऊक नव्हता, बापाला कोणी मांडवात बसवलंच नव्हतं. तो लांब चुलीवर पाहुण्यांच्या भाताचे टोप उतरवत होता, ताईंनीच त्याला भाताच्या कामाला लावला होता.

"बाप कुठं हाय?" आजीनं मान फिरवली. डोळ्यांना दिसत नव्हतं, कान पुढं केला.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. कोणीतरी त्याला बोलवायला वळला. एवढी चांगली जागा रिकामी पडलेली, मला राहवेना.

"दिली गो आये," मी म्हटलं. श्वास संपवला. तोंड उघडं ठेवून थांबलो. मोजून तो थांबायचा तेवढंच. "...दिली पोरगी."

हुबेहूब. मांडव फुटला नुसता. वाडीवाल्या बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. अंतरपाट गदागदा हलत होता, पलीकडून ती हसत होती. तारेवाल्यांना काय झालं ते कळलं नाय, पण सगळे हसतायत म्हणून तेपण टाळ्या वाजवायला लागले. आजीनं समाधानानं मान हलवली, शेवटचं कडवं म्हटलं, आणि आमच्यावर तांदूळ पडले.

भाताचा टोप उतरवून बाप हात पुसत आला तेव्हा फोटो चालले होते. "झालं काय?" त्यानं विचारलं. "झालं," लोक म्हणाले, आणि परत हसले. तो पण हसला.

त्या दिवशी गाव-वाडी एका पंगतीत जेवली. हॉलंडवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. या वेळी वालाचं नव्हतं.

पुढचा महिना सुखात गेला. मी जिथं जाईन तिथं, "काय जावई!" ती रोपवाटिकेत माती भरत होती, तिलाही चिडवायचे. मग फाल्गुनात मुलाकडचे लोक आजीला सुपारी द्यायला गेले, वैशाखातलं लग्न लावायला या म्हणून. आजीनं मुलीचं घर विचारलं, बापाचं नाव विचारलं. आणि सुपारी परत केली.

"त्या पोरीचं लगीन मी लावलंय," ती म्हणाली. "म्हशाच्या जत्रेमागं. एका पोरीला दोनदा धवला नाय लागत."

मुलाकडचे सरळ वाडीत आले. साखरपुड्याचं लुगडं परत मागायला.

वाडीच्या पंचांनी मला बोलावणं धाडलं. आमच्या घरचे म्हणाले, जाऊ नको, त्यांचं ते बघतील. पण मी गेलो. खरं सांगतो, मला वाटलं तिथंपण हसतील.

उंबराखाली पंच बसलेले, शेजारी आजी. बाप एका बाजूला उकिडवा. ती घरात, दाराआड. ताईपण आलेल्या, वहीत लिहायला पेन काढून.

"पण तो सांस्कृतिक कार्यक्रम होता," ताई म्हणाल्या.

"बाय, तुमी जरा थांबा," म्हातारा पंच म्हणाला. "आजी, तू बापाचा शब्द घेतलास?"

"घेतला. ह्याच कानांनी."

"मी नाय दिला," बाप म्हणाला. "मी तर... भात उतरवत होतो."

"दिलास. मी तुझा दम ओळखते."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं, तो मी होतो. आजी म्हणाली, खोटं. पंच म्हणाला, बोलून दाखव.

मी बोललो. "दिली गो आये... दिली पोरगी."

पोरं फिसफिसली. एक पंच तोंडावर हात ठेवून वळला. बाप उकिडवा होता तो हळूच खाली बसला. स्वतःच्या तोंडानं पोरगी देताना त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याच्या तोंडाकडं बघून मला परत हसू आलं, ते मी दाबलं नाय.

आजीनं मला जवळ बोलावलं. गळ्यावर हात ठेवला. "परत."

मी परत बोललो. तिच्या बोटांखाली माझा गळा हलला. तिनं हात काढून घेतला आणि लुगड्याला पुसला.

"ह्या कानांवर लोकांनी पोरी दिल्यात," ती म्हणाली. "आता मी कोणाचा शब्द धरू?"

त्यानंतर ती कुठल्याच मांडवात गेली नाय. आमच्या भागातले धवले तिथं संपले. इटलीवाल्याच्या टेपमधे आहेत, असं ऐकतो, मागं माझा आवाजपण आहे.

पंचांनी विचार केला. शब्द खोटा, पण देव आले, तांदूळ पडले, ते कसं पुसणार? म्हणून काडी मोडायची ठरली. नवरा-बायकोला सुटं करायचं तर दोघांनी मिळून भाताच्या पेंढ्याची काडी मोडतात, झालं. तिला बाहेर आणली. काडीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी सवयीनं काडी तोडताना तोंडानं लाकूड मोडल्याचा आवाज काढला, कडाड. कोणी हसलं नाय. तिच्या हातात लांब तुकडा राहिला, तो कुठं टाकायचा ते तिला कळेना.

"सुटली," पंच म्हणाला. "पण आता पहिलेपणाचं लगीन नाय व्हायचं. पाट लागेल, दुसरेपणाचा. तेवढ्यावर मुलाकडचे तयार असतील तर बघा. नायतर बिजवर शोधावा लागेल. आपल्यात एक हाय, पलीकडच्या वाडीत, तीन पोरांचा."

तो तीन पोरांचा आमाला सगळ्यांना ठाऊक होता. पहिली बायको त्याच्या माराला कंटाळून विहिरीवर जाऊन जाऊन एकदा आत गेलेली. पोरगी परत दाराआड गेली होती, दाराच्या कडेवर तिचा हात होता, तो दिसेनासा झाला.

मग ठरलं, की मी मुलाकडं जायचं. सगळं सांगायचं, दोष माझा म्हणायचं, पाट तरी लावा म्हणून हात जोडायचे. ताईंनी ताऱ्यांच्या कागदावर पत्र लिहून दिलं, शिक्का मारून, की अमुक ठिकाणी विवाहविधीचं सादरीकरण झालं. बापानं वालाच्या शेंगांची पिशवी भरली.

निघताना ती वाडीच्या पायवाटेवर उभी होती.

"तिथं हसवू नको," ती म्हणाली.

"नाय हसवत."

"एवढा एकच दिवस. बापाची शप्पत घे."

"कोणाच्या बापाची?" मी म्हटलं.

ती हसली नाय. रोपवाटिकेत एवढ्यावर ती लोळली असती.

सरळगावला गाडी बदलून किन्हवलीच्या पुढं उतरलो. बापानं सदरा धुतलेला, टोपी नवी. गाडीत तो मला शिव्या देईल म्हणून मी तयारी करून बसलो होतो, पण त्यानं मला खिडकीची जागा दिली. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तू चांगला बोलतोस. माझा... दम नाय पुरत. तूच बोल."

घरापाशी आलो तर तो कुंपणाजवळच थांबला. मोडत आलेल्या सोयरिकीत मुलीच्या बापानं, शब्द परत जुळल्याशिवाय मुलाच्या उंबऱ्यात पाय टाकायचा नाय, असा त्यांच्यातला रिवाज. तो आंब्याखाली दगडावर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. मी आत गेलो.

आत मुलाची आई, काका आणि तो मुलगा. त्याची सुट्टी होती. मी खरंच नीट बोललो. खाली मान घालून, माझ्याच आवाजात. माझाच आवाज मला ओळखू येईना, एवढा नीट. दोष माझा, पोरगी चांगली, बाप चांगला, तुमी पाट लावा. काकानं पत्र दोनदा वाचलं. "लेखी हाय गो," तो मुलाच्या आईला म्हणाला. "विवाहविधी झाला, शिक्का मारून दिलाय."

"तसं नाय काका, ते नाटक होतं. बापाचा शब्दपण मीच बोललो."

"असं कसं?" मुलाची आई म्हणाली. "धवलेरी काय वेडी हाय? आवाज कळत नाय तिला?"

"मी तसाच काढला."

"खोटं बोलतोस. त्या बापानंच शब्द दिला असणार, आता फिरतोय."

"काढून दाखव मग," मुलगा म्हणाला.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? नाय काढला तर बाप खोटा ठरतो. मी काढला. कारण हेच होतं, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो. पण एकदा काढून थांबता आलं असतं.

मुलगा नाकातनं हसला. त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. "अगो बाय, साखरपुड्यात अगदी अस्सा बोलत होता!"

"परत काढ," काका म्हणाला.

मी परत काढला. मग साखरपुड्यात बापानं पाहुण्यांना 'जेवून जा' कसं म्हटलं असेल ते काढलं, श्वास 'जे'वरच संपवला. मुलगा भिंतीला टेकला. शेजारच्या दोन बाया दारात आल्या. अजून कोणाचा येतो? तारेवाल्यांचा काढला, हॉलंडवाल्या बाई, पेटीवाला इंजिनेर. मग तिथं बसल्या बसल्या काकाचाच काढला, पत्र वाचतानाचा. काका स्वतः मांडी थोपटायला लागला. मला पोहे आले, चहा आला, परत चहा आला. मला वाटलं काम झालं. आजपर्यंत माझ्यावर हसलेला माणूस मला नाय म्हणाला नव्हता.

मुलाची आई डोळे पुसत म्हणाली, "लय दिवसांनी हसले रे. हे गेल्यापासनं घरात कोण हसलं नव्हतं."

"मग पाटाचं काय करू?" मी विचारलं.

ती मुलाकडं बघायला लागली. मुलाच्या तोंडावर अजून हसू होतं.

"पटलं सगळं," तो म्हणाला. "बापाची चूक नाय, पोरीची नाय. पंचांचा निरोप आलेला, पाटालाही माझी ना नव्हती, सकाळीच मी आईला बोललो होतो. पण आता तो म्हातारा मांडवात येऊन बोलायला लागला ना, की मला हाच ऐकू येणार." आणि तोंड उघडं ठेवून थांबला. त्याला तेवढ्यात जमलं होतं. आई परत फुटली. "जन्मभर सासऱ्यासमोर असं हसत बसू काय? कंपनीतले चार लोक येणार. नको."

"नको रे," आई म्हणाली. "त्यांनापण वाईट वाटेल. त्यांना सांग, राग धरू नका. तू मात्र येत जा."

साखरपुड्याचं लुगडं बापानं आधीच परत केलं होतं. म्हणजे परत द्यायलाही काही उरलं नव्हतं. मी चपला घातल्या.

बाप दगडावरून उठून कुंपणापर्यंत आला होता. दीड तास त्यानं आतलं हसणं ऐकलं होतं. शब्द काय ते त्याला तिथून कळले नव्हते, नुसतं हसणं. सदऱ्याचं वरचं बटण त्यानं लावलं होतं, पिशवी दोन्ही हातांत धरली होती.

"मी बोललो ना," तो म्हणाला. "तूच... बोल म्हणून. जमलं ना?"

"नाय," मी म्हटलं.

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. माझ्या तोंडावर आतलं हसू अजून तसंच असणार.

"नाय जमलं," मी परत म्हटलं. "खरंच."

"पुरे रे... आता मस्करी," तो म्हणाला, हसला, टोपी नीट केली, आणि वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन मला बाजूला सारून उंबऱ्याकडं चालायला लागला.